आधी तांदूळ-मीठ, मग सामान

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

घर बदलताना तुम्ही टेम्पोतून पहिलं काय उतरवता? वायफायचा राउटर? फिलिपिन्सच्या पूर्वेला सामार आणि लेते ही बेटं आहेत. तिथल्या वाराय लोकांच्या रिवाजात आधी तांदूळ आणि मीठ घरात जातं, मग बाकी सामान. त्यांच्या भाषेत बुगास आणि आसिन. गंमत बघा, ‘वाराय’ या शब्दाचा अर्थच ‘नाही’. पण घरात ‘तांदूळ नाही’ असं कधी म्हणायला लागू नये, म्हणून ही धडपड!

असे रिवाज फिलिपिन्सभर सापडतात. नव्या घरात नाणी उधळतात, पैसा टिकावा म्हणून. जिना बांधताना पायऱ्या मोजतात: ओरो, प्लाता, माता. म्हणजे सोनं, चांदी, मृत्यू. शेवटची पायरी ‘माता’वर यायला नको, म्हणून तीन, सहा, नऊ पायऱ्या टाळतात. आधीचे दोन शब्द स्पॅनिश आहेत, कारण तिथे तीन शतकांहून जास्त काळ स्पेनचं राज्य होतं.

आणि पूर्वी तर लोक अख्खं घरच हलवायचे! बांबू आणि निपा पामच्या पानांचं हलकं घर. खाली बांबूचे दांडे घालून शेजारीपाजारी ते खांद्यावर उचलून न्यायचे. याला बायानिहान म्हणतात. मजुरी नाही, मालकाकडून पोटभर जेवण.

आता हे सगळं अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यायचं का? पायऱ्या मोजून मरण टळत नाही, हे उघड आहे. पण मला यामागची भीती खरी वाटते. हा वादळांचा प्रदेश. ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान वादळ आलं, तिथे त्याला योलांडा म्हणतात. लेतेमधलं ताक्लोबान शहर उद्ध्वस्त झालं. देशभरात ६,००० हून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांना पुढे शहराच्या उत्तरेला नव्या वसाहतींत हलवलं. छप्पर मिळालं, पण समुद्र लांब गेला, आणि मासेमारी करणाऱ्यांची रोजीरोटी तर समुद्रावरच.

म्हणून मला वाटतं, हे रिवाज नुसत्या नशिबाबद्दल नाहीत. घर म्हणजे काय, तेच ते सांगतात. चूल रिकामी नको आणि शेजार तुटायला नको. नुसत्या चार भिंती म्हणजे घर नव्हे.

तुमच्या घरी नव्या जागेत पहिलं काय नेतात? आजीला विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!