गाडी उभी, प्रवाह मात्र चालू

जुन्या मोटारीचे यांत्रिक दुखणे बहुधा स्वतःहून बोलते. इंजिन खडखडते, धूर येतो, तेल गळते. विजेचे दुखणे मात्र मुके असते. रात्री व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती 'टक्' असा आवाज करते आणि गप्प होते. मग शेजाऱ्यांना बोलावून धक्का मारणे, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडणे आणि अखेरीस 'बॅटरीच गेली' असा निष्कर्ष काढून नवी बॅटरी विकत आणणे, हा क्रम ठरलेला. आमच्याही घरी हेच घडले.

आमची गाडी १९९८ सालची मारुती ८००. वडिलांनी निवृत्त होण्याच्या सुमारास घेतलेली. देशात या गाडीचे वितरण डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. वडील तिने सकाळी महालातून अंबाझरीपर्यंत फिरायला जात आणि संध्याकाळी पुन्हा कुठे ना कुठे चक्कर मारीत. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले. गाडी अंगणात उभी राहू लागली आणि दर तिसऱ्या दिवशी तिची बॅटरी उतरू लागली. वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या झाल्या. एका गॅरेजने अल्टरनेटर बदलला. तरीही तिसऱ्या दिवशी तोच 'टक्'. शेवटी गाडी भंगारात काढावी, असे घरात ठरले. वडील काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "एकदा नीट पाहून तर घ्या."

हे 'नीट पाहणे' म्हणजे नेमके काय, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी मोजमाप, मग खरेदी

विजेचा दोष शोधण्यासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे मल्टिमीटर. विजेच्या सामानाच्या दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हटली जात असली, तरी तिच्यात सहा घरे असतात आणि पूर्ण भारित अवस्थेत प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट दाब देते. त्यामुळे रात्रभर स्वस्थ राहिलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या दोन टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी आहे. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ संपलेली समजावी.

त्यानंतर इंजिन सुरू करून तेच माप पुन्हा घ्यावे. अल्टरनेटर ठीक असेल तर आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान येतो. तो साडेबाराच्या आसपासच राहिला, तर बॅटरी भरलीच जात नाही. १५ च्या वर गेला, तर ती गरजेपेक्षा जास्त भरली जाते आणि तिच्यातले पाणी आटते. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, ही दुसरी बाब अधिक घातक ठरते.

आमच्या गाडीचे मापन वस्तीतल्या एका ज्येष्ठ ऑटो इलेक्ट्रिशियनने केले. इंजिन सुरू असताना १४.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर उत्तम. बॅटरीही नवी. मग दोष कुठे? ते हसून म्हणाले, "भाऊ, बॅटरी खराब नाही. करंट चोरी जाऊन राह्यला."

गळती कशी मोजावी?

गाडी बंद असताना बॅटरीतून थोडा प्रवाह वाहतोच. घड्याळ चालू असते, रेडिओची स्मृती टिकवावी लागते. जुन्या, कार्बोरेटर असलेल्या गाडीत हा प्रवाह १० ते २० मिलिॲम्पिअरच्या घरात असतो. ५० मिलिॲम्पिअरपर्यंतची गळती चिंतेची मानली जात नाही. त्याहून अधिक असेल तर शोध घ्यायलाच हवा.

कृती सोपी आहे, पण सावधगिरी हवी. हातातली अंगठी, घड्याळ, कडे आधी काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळपास विडी-सिगारेट नको. सर्व दिवे, पंखा, रेडिओ बंद करावेत. दार उघडे ठेवायचे असेल तर दाराचे बटण दाबलेले राहील अशी व्यवस्था करावी, नाहीतर आतल्या दिव्याचाच प्रवाह मोजला जाईल. मग बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवून, ती तार आणि ते टोक यांच्यामध्ये मीटर जोडावा. मीटरची तार १० ॲम्पिअरच्या खाचेत असावी. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये. स्टार्टर शंभराहून अधिक ॲम्पिअर ओढतो आणि मीटर क्षणात निकामी होतो. संगणक असलेल्या नव्या गाड्यांत अर्धा तास थांबावे लागते, कारण त्यांची यंत्रणा 'झोपी' जायला वेळ घेते.

आमच्या मीटरवर आकडा आला ०.५२ ॲम्पिअर.

हा आकडा लहान वाटतो, पण गुणाकार करून पाहावा. अर्धा ॲम्पिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १२ ॲम्पिअर-तास. आमची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची. दोन दिवसांत ती दोन-तृतीयांश रिकामी होणार आणि तिसऱ्या सकाळी स्टार्टर फिरवण्याची ताकद तिच्यात उरणार नाही. 'दर तिसऱ्या दिवशी' या गूढाचा उलगडा या एका गुणाकारात झाला. वडील रोज दोन वेळा गाडी काढत, तेव्हा गेलेला प्रवाह अल्टरनेटर भरून काढीत असे. म्हणजे दोष जुनाच होता. गाडी उभी राहू लागली तेव्हा तो उघडा पडला, इतकेच. दुसरी बॅटरी लवकर का गेली, याचेही उत्तर मिळाले. शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी वारंवार पूर्ण उतरली तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची धारणक्षमता कायमची घटते. बॅटरी हे दोषाचे कारण नव्हते, ती दोषाला बळी पडली होती.

फ्यूज एकेक करून

पुढची पायरी म्हणजे मीटरवर नजर ठेवून फ्यूज एकामागून एक काढणे. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येईल, त्या शाखेत गळती. मग त्या फ्यूजवर कोणकोणती उपकरणे आहेत ती पाहून शोध आणखी आवळता येतो. बहुतेक वेळा डिकीचा किंवा कप्प्याचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले किंवा नंतर बसवलेला हॉर्न हाती लागतो.

आमच्याकडे रेडिओचा फ्यूज काढल्यावर आकडा ०.५२ वरून ०.५० झाला. बाकीचे सगळे फ्यूज काढले, तरी ०.५० जागचा हलेना. मला वाटले, पद्धतच फसली. इलेक्ट्रिशियन मात्र खूश झाले. त्यांचा तर्क सरळ होता. सगळे फ्यूज बाहेर असताना प्रवाह वाहतो, याचा अर्थ तो फ्यूजपेटीतून जातच नाही. गाडीतल्या शेकडो जोडांपैकी बहुतांश एका फटक्यात निर्दोष ठरले. उरले फक्त बॅटरीवरून थेट गेलेले मार्ग: स्टार्टर, अल्टरनेटर आणि एखादी नंतर जोडलेली तार.

मीटर काढून अल्टरनेटरची जाड तार सोडवली, तिचे टोक झाकून पुन्हा मोजले. ०.५०. म्हणजे अल्टरनेटरही निर्दोष. तो बदलण्याचा खर्च वाया गेला होता. मग बॅटरीच्या धन टोकावरच्या तारा मोजल्या. एक स्टार्टरची, एक मुख्य वायरिंगची आणि तिसरी, काळी टेप गुंडाळलेली लाल तार. ती सोडवताच आकडा शून्यावर आला.

ही तार इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत शिरून, गालिच्याखालून थेट डिकीत गेली होती. तिथे जुन्या पोत्याखाली एक ॲम्प्लिफायर निघाला. डिसेंबरातल्या त्या कडाक्याच्या सकाळीही त्याची पेटी कोमट लागत होती! तो मीच २००३ साली, कॉलेजात असताना, हौसेने बसवून घेतला होता. मूळ रचनेत रेडिओ सुरू झाला की एका बारीक तारेने ॲम्प्लिफायरला सूचना जाई. पुढे रेडिओ बिघडला. नवा साधा प्लेअर बसवताना त्याला तशी तार नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने ॲम्प्लिफायरचे सूचनेचे टोक त्याच्याच धन टोकाला तुकडा लावून जोडून टाकले. तेव्हापासून तो रात्रंदिवस जागा होता.

खरा धोका

बॅटऱ्यांवर गेलेला पैसा हे लहान नुकसान. मोठी गोष्ट त्या लाल तारेची होती. तिच्यावर फ्यूज नव्हता. पत्र्यातून जाताना रबरी बुशही नव्हता. पत्र्याच्या कडेने तारेचे आवरण घासून इतके झिजले होते की आतले तांबे दिसू लागले होते. मोटारीत संपूर्ण पत्रा हाच ऋण वाहक असतो. त्या तांब्याचा पत्र्याला स्पर्श होताच बॅटरीतून शंभराहून अधिक ॲम्पिअर वाहू शकले असते, तार लाल झाली असती आणि वरचा गालिचा पेटला असता. त्या गालिच्यावर पाय ठेवून आम्ही वर्षानुवर्षे फिरलो.

म्हणून नियम एकच. बॅटरीवरून निघणाऱ्या जादा तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष शोधावा. १० च्या जागी २० ॲम्पिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणे म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देऊन दार उघडे टाकण्यासारखे आहे. विदर्भातला उन्हाळा आवरणे कडक व ठिसूळ करतो, त्यानंतरचा पावसाळा भेगांतून ओल आत नेतो आणि उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि पोळ्यानंतर, बॉनेट उघडून तारा डोळ्यांखालून घालाव्यात.

अर्थिंगचा दुसरा सामान्य दोष

गळती नसतानाही गाडी सुरू होत नसेल, तर संशय अर्थिंगवर घ्यावा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणणे, हेडलाइट लावताच पेट्रोलचा काटा हलणे ही त्याची लक्षणे. दिव्याला परतीचा नेहमीचा मार्ग मिळत नाही, म्हणून प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट काढतो.

गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो: दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०१ ओहम असला, तर साध्या मापनात तो दिसणारही नाही. पण स्टार्टरचे १५० ॲम्पिअर त्यातून जाताना दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून हे माप भार असताना घ्यावे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून, घट्ट बसवावी. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुता येतो. तो बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नये.

जुनी गाडी ठेवावी का?

हा प्रश्न आज केवळ भावनेचा नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. १ एप्रिल २०२२ रोजी या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमानुसार निवृत्त झाली. काही गाड्यांची वेळ खरोखरच संपलेली असते. पण पत्रा गंजलेला, इंजिन थकलेले म्हणून गाडी काढणे वेगळे आणि न शोधलेल्या दोषापायी काढणे वेगळे.

आमच्या गाडीतली लाल तार काढून टाकली, ॲम्प्लिफायर काढला, अल्टरनेटर व फ्यूज पूर्ववत जोडले. मीटरवर आकडा आला ०.०२. गाडी मुद्दाम सहा दिवस हात न लावता उभी ठेवली. सातव्या दिवशी वडिलांना शेजारी बसवून किल्ली फिरवली. पहिल्या फेऱ्यात इंजिन सुरू झाले आणि आम्ही अंबाझरीला जाऊन आलो.

दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर एवढा खर्च आम्ही अंदाजावर केला. मोजायला लागले फक्त पाऊण तास. गाडीचे सुटे भाग बदलण्याआधी गॅरेजमध्ये एक प्रश्न अवश्य विचारावा: "गाडी बंद असताना किती ॲम्पिअर जातात, ते मोजले का?"