बिनतेलाच्या भाजीत काय हरवतं?

रक्ततपासणीचा कागद घरात येतो, कोलेस्टेरॉलचा आकडा त्यावर ठळक छापलेला असतो, आणि त्याच संध्याकाळपासून स्वयंपाकघराचे नियम बदलतात. वरणभातावरची तुपाची धार थांबते. कोशिंबिरीला फोडणी मिळत नाही. शेंगदाण्याच्या कुटावरही संशय घेतला जातो. चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. खरं तर झाडाझडती तिथूनच सुरू व्हायला हवी.

स्निग्ध पदार्थ म्हणजे शरीरावरचं नुसतं ओझं, ही समजूत १९२९ सालीच खोटी ठरली होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्ण काढलेलं खाणं दिलं. बाकीचं पोषण पुरेसं होतं, तरी उंदरांच्या कातडीवर खवले आले, वाढ खुंटली आणि अखेर ते दगावले. लिनोलिक आम्लाचा थोडासा अंश मिळताच असे आजारी उंदीर सुधारू लागले. हे आम्ल आणि त्याचं भावंड अल्फा-लिनोलेनिक आम्ल माणसाच्या शरीरालाही स्वतः बनवता येत नाही. दोन्ही अन्नातूनच यावी लागतात. पेशींची आवरणं आणि मेंदू यांच्या बांधणीत मेद लागतोच. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातूनच येते.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही मेदाच्या सोबतीने शोषली जातात. आयोवा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये काही जणांना गाजर, पालक, टोमॅटोची तीच कच्ची भाजी कधी तेलासह, कधी तेलाविना खायला दिली आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. तेलाविना खाल्लेल्या भाजीतलं कॅरोटिन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. आपल्याकडच्या गाजराच्या कोशिंबिरीत मोहरी-हिंगाची फोडणी आणि दाण्याचा कूट पिढ्यान्‌पिढ्या असतो. पथ्य म्हणून फोडणी आणि कूट दोन्ही काढले, तर गाजराचा गुणही बराचसा वाया जातो.

आता कोलेस्टेरॉलबद्दल. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई अशा तेलांच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते खरं असतं, पण त्यात त्या कंपनीचं कर्तृत्व काहीच नाही. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असतं. वनस्पतीच्या तेलात ते नाव घेण्याजोगं नसतंच. शिवाय रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करतं. त्रासदायक एलडीएल कोलेस्टेरॉल किती वाढेल, हे खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेद आणि ट्रान्स मेद किती पोटात जातात यावर जास्त ठरतं.

तुपाच्या बाबतीत दोन तट आहेत. एकाला ते विष वाटतं, दुसऱ्याला अमृत. तुपात साठ टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असतो, म्हणजे पाच ग्रॅमच्या चमचाभर तुपात सुमारे तीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार दिवसाच्या ऊर्जेतला जास्तीत जास्त दहा टक्के वाटा संपृक्त मेदाचा असावा. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी तो साधारण २२ ग्रॅम होतो. वरणभातावरचा एक चमचा त्यात सहज बसतो. पुरणपोळीवर वाटीने तूप ओतणं रोजचं झालं, तर नाही बसत. आणि ‘खोबरेल वनस्पतीचं, म्हणून निर्धोक’ असं मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्यातला संपृक्त मेद तुपापेक्षाही जास्त, ऐंशी टक्क्यांच्या वर आहे.

संपृक्त मेद कमी केला की त्याच्या जागी काय येतं, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, आणि सगळ्यांत मोलाचा तोच आहे. १९५८ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे पुरुष सुमारे चाळीस टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घेत होते, तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अगदी कमी होते. पूर्व फिनलंडमध्येही स्निग्धांश भरपूर, पण मृत्यू सर्वाधिक. क्रीटमध्ये ऑलिव्हचं तेल होतं, फिनलंडमध्ये लोणी आणि साईचं दूध. लोण्याच्या जागी असंपृक्त तेल आलं तर हृदयाचा धोका कमी होतो. मैदा आणि साखर आली तर तो फायदा मिळत नाही. त्या फायद्यासाठी महागडं ऑलिव्हच हवं असं मुळीच नाही. शेंगदाण्याच्या तेलातही जवळपास निम्मा मेद ऑलिव्हमध्ये मुख्यत्वे असतो त्याच जातीचा आहे.

सर्वांत वाईट मेद मात्र माणसाने स्वतः बनवला. पातळ तेलातून हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं, टिकतं आणि स्वस्त पडतं. १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने हे वनस्पती तूप भारतीय घरांत शिरलं आणि लाडू-करंज्यांपासून बेकरीपर्यंत पसरलं. अर्धवट घट्ट केलेल्या अशा तेलात ट्रान्स मेद तयार होतो. तो एलडीएल वाढवतो आणि उपकारक एचडीएल घटवतो, असा दुहेरी घात करतो. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यावर कायद्याने मर्यादा घातली. भारतात तेल-तुपातलं त्याचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणणारा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. बेकरीत हेच घट्ट तेल वापरलं जात आलं, म्हणूनच झाडाझडती खारीपासून करायची.

लाकडी घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, रसायनांनी शुद्धीकरण झालेलं नसतं. पण ग्रॅममागे नऊ कॅलरी त्यातही असतात आणि डब्यातल्या तेलातही. ‘घाण्याचं आहे’ म्हणून सढळ हाताने ओतलं, तर शरीराच्या हिशेबात सूट मिळत नाही. मेदाची विविधता हवी असेल तर विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी आणि कोकणातली तारली, बांगडा हे ओमेगा-३ मेदाचे हाताशी असलेले साठे आहेत.

तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवणं हा मात्र खरा धोका आहे. उष्णतेने तेल तुटतं, त्यात ध्रुवीय संयुगं साठतात. ती २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. काळं पडलेलं, फेस धरणारं, चिकट तेल घरातही टाकून द्यावं.

आणि प्रमाण? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम सांगितलं आहे. पाच लिटरच्या डब्यात साधारण साडेचार किलो तेल मावतं. चौघांच्या घरात तो महिन्यात संपत असेल, तर माणशी ३८ ग्रॅम होतात, तेही तूप आणि बाहेरचं खाणं न धरता. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवली, तर हिशेब सोपा होतो: २७ ग्रॅमच्या मापाने तो निदान बेचाळीस दिवस पुरायला हवा.