यंत्राची पुष्पिका आणि यंत्राची साक्ष

एखादी पोथी कोणत्या काळातील, हे ठरविताना अभ्यासक प्रथम तिची पुष्पिका पाहतो. परंतु केवळ तिच्यावर विसंबून राहत नाही. नकलनविसाने मूळ प्रतीतील जुनी पुष्पिका जशीच्या तशी उतरविलेली असण्याचा संभव असतो. म्हणून कागद, शाई, अक्षरवळण यांचीही साक्ष घ्यावी लागते. संगणकाची यंत्रसामग्री जाणून घेतानाही हाच विवेक उपयोगी पडतो, हे बंगळुरातील वास्तव्यात माझ्या ध्यानात आले.

या नगरीचा लिनक्स प्रणालीशी संबंध निकटचा आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी घडविलेला, २००१ साली नमुनारूपाने लोकांपुढे आलेला 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा संगणक लिनक्सवर चालत असे. त्याच संस्थेत २०२२ साली कार्यान्वित झालेला, ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'परम प्रवेग' हा महासंगणकही लिनक्सवरच चालतो. लहान असो वा मोठे, लिनक्सच्या यंत्रास त्याची ओळख विचारण्याची रीत मुळात एकच आहे.

या रीतीच्या आधारांपैकी एक म्हणजे 'प्रॉक' ही निर्देशिका होय. तिच्यातील मजकूर तबकडीवर साठविलेला नसतो. आपण वाचू लागताच प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तो तत्क्षणी सिद्ध करतो. यंत्राची माहिती सुबोध रूपात मांडणाऱ्या काही आज्ञा आहेत. त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, अंतर न सोडता टंकावयाच्या असतात. येथे केवळ उच्चार देतो. 'एल-एस-सी-पी-यू' प्रोसेसरचे नाव व त्यातील गाभ्यांची संख्या सांगते. 'फ्री' वापरात असलेली व मोकळी स्मृती दाखविते. 'एल-एस-बी-एल-के' साठवणुकीच्या तबकड्यांची यादी देते. 'एल-एस-पी-सी-आय' पी-सी-आय मार्गाला जोडलेल्या उपकरणांची यादी देते. उपकरण स्वतःचा केवळ क्रमांक सांगते, त्याचे नाव मात्र संगणकातील एका कोशातून शोधले जाते. कोश जुना असेल तर नव्या उपकरणाचे नाव सापडत नाही.

'डी-एम-आय-डिकोड' ही आज्ञा मात्र निराळ्या जातीची आहे. तिला प्रशासकाचा अधिकार लागतो, आणि ती यंत्र तपासत नाही. निर्मात्याने फर्मवेअरमध्ये लिहून ठेवलेला तक्ता वाचून दाखविते. ही यंत्राची पुष्पिका होय. 'निर्मात्याने भरावे' या अर्थाचा इंग्रजी मजकूर कित्येक यंत्रांत तसाच राहून गेलेला आढळतो!

या भेदाचे महत्त्व मला एका प्रसंगाने पटले. एका विभागातील जुना संगणक 'मंद' म्हणून मोडीत काढण्याचे ठरले होते. मराठी हस्तलिखितांची छायाचित्रे पाहण्याचे काम त्याच्यावरच चाले आणि नव्या यंत्रासाठी निधी नव्हता. एका संशोधक विद्यार्थिनीने वरील आज्ञा चालविल्या. स्मृतीच्या दोन खाचांपैकी एक रिकामी निघाली. तबकडी जुन्या, फिरत्या प्रकारची होती. परंतु पुष्पिका म्हणत होती, कमाल स्मृती ८ गिगाबाइट. आणि तेवढी तर एकाच खाचेत होती. निर्मात्याच्या छापील पुस्तिकेत मात्र १६ हा आकडा होता. दोन लिखितांत विरोध आला, तेव्हा निर्णय प्रत्यक्षावर सोपविला. उसनी आणलेली स्मृतिपट्टी बसवून 'फ्री' चालविली. १५ च्या वर आकडा उमटला. थोडा भाग कर्नल व फर्मवेअर राखून ठेवतात, म्हणून पूर्ण १६ दिसत नाहीत. पुढे तशीच पट्टी विकत घेतली, तबकडीही बदलली, आणि ते यंत्र आजही काम देत आहे.

यंत्र निकामी ठरविण्यापूर्वी त्याची साक्ष घ्यावी, आणि साक्ष घेताना लिहिलेले कोणते व पाहिलेले कोणते, हे वेगळे ओळखावे. पोथीपुढे बसणाऱ्यास हे नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. पडद्यापुढे बसतानाही त्याचा विसर पडू नये, एवढेच.