गाळप थांबलं की गंजाचा हंगाम सुरू

मार्च-एप्रिलमध्ये उसाची शेवटची गाडी गव्हाणीत रिकामी होते, बॉयलर थंड पडतो आणि कारखान्याचा भोंगा दसरा-दिवाळीपर्यंत मुका होतो. यंत्रं विश्रांतीला गेली, असं बाहेरच्याला वाटतं. लोखंडाचं मात्र उलट आहे. लातूरचे मांजरा, विकास, रेणा असोत की नांदेडकडचा भाऊराव चव्हाण, आपल्या पट्ट्यातला साखर कारखाना साधारण पाच महिने चालतो आणि उरलेले महिने बंद असतो. गंजाचा हिशेब मांडायचा तर सुरुवात या बंद महिन्यांपासूनच करायला हवी.

समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. रत्नागिरी-अलिबागकडे पत्रे खाणारी खारी हवा लातूरला नाही. गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन ही तिन्ही एकत्र यावी लागतात. स्वच्छ पोलादावर हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असेपर्यंत गंज फारसा धरत नाही. मराठवाड्यातले एप्रिल-मे चांगलेच कोरडे. मग घोडं पेंड खातं कुठे? ‘स्वच्छ’ या शब्दापाशी.

उसाच्या ताज्या रसाचा सामू 5 ते 5.5, म्हणजे रस मुळातच आंबट. मिलच्या फटीत, कन्व्हेअरखाली, टाकीच्या तळाशी रस आणि बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, अडकून राहिला की जिवाणू त्यावर ताव मारतात आणि लॅक्टिक, अ‍ॅसिटिक अशी आम्लं तयार होतात. शिवाय रसातली फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे बाहेर हवा कोरडी असली तरी त्या चिकट थराखालचं लोखंड ओलंच राहतं. मृगाचा पाऊस आला की विचारायलाच नको.

त्यात गंधकाची भर. आपल्याकडची पांढरी साखर बहुतेक ठिकाणी डबल सल्फिटेशनने होते. गरम रसात कालवलेला चुना आणि गंधक जाळून मिळालेला सल्फर डायऑक्साइड सोडतात, गाळ खाली बसवतात, रस निवळतो. हाच वायू पाण्याला भेटला की सल्फ्युरस आम्ल होतं. त्याचं आणखी ऑक्सिडेशन झालं तर थेट सल्फ्युरिक. म्हणून सल्फर बर्नरला दिली जाणारी हवा कोरडी हवी. ती दमट गेली तर पाइपाला भोकं पडायला वेळ लागत नाही.

‘सगळं स्टेनलेसचं करून टाका’ हा सल्ला इथे हमखास येतो. 1913 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज रोखणारं पोलाद शोधत होते, त्या कामातून क्रोमियमचं न गंजणारं पोलाद पुढे आलं. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. खरचटल्यावर खपली धरावी तसा तो पुन्हा भरून येतो. मात्र त्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि क्लोराइड हा त्याचा वैरी. कारखान्यात सर्रास दिसणाऱ्या 304 जातीत 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. क्लोराइडपुढे तीही हात टेकते. वरून चकचकीत दिसणाऱ्या नळीत टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि आरपार जातो. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतला थर काढायला आधी कॉस्टिक सोडा उकळतात, मग आम्ल फिरवतात. ते हायड्रोक्लोरिक असेल तर क्लोराइड आपण स्वतःच्या हाताने आत घालतो. सल्फॅमिक आम्ल महाग पडतं, पण नळ्यांचा नवा संच त्याहून महाग.

वर्कशॉपमधली एक गोष्ट तर अगदी साधी. साध्या लोखंडावर फिरवलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरची चकती तशीच स्टेनलेसच्या वेल्डिंगवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात रुततात. पंधरवड्यात तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात. ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून पुरवठादाराच्या नावाने बोटं मोडली जातात. दोष चकतीचा असतो. ब्रश वेगळे ठेवावेत आणि वेल्डजवळचा निळसर-काळा रंग पिकलिंग पेस्ट लावून काढावा. खर्च किरकोळ, पण कोणीतरी नेटाने करायला हवं.

बॉयलरची कहाणी निराळी. ऊस सत्तर टक्के पाणीच. रस आटवताना निघालेली वाफ थंड करून मिळणारं पाणी बॉयलरला परत जातं. त्यात साखर मिसळली तर बॉयलरच्या उष्णतेत तिची आम्लं होतात. म्हणून प्रयोगशाळेत परीक्षानळीत ते पाणी घेऊन अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि कडेने हलकेच तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडतात. दोन थरांच्या सीमेवर जांभळी कडी उमटली की बॉयलर हाउसला फोन जातो आणि ते पाणी बाहेर सोडून दिलं जातं.

हे झालं चालत्या बॉयलरचं. बंद करताना दोनच मार्ग धड आहेत. एक तर काठोकाठ भरून, सामू चढा ठेवून, ऑक्सिजन शोषणारं रसायन घालून सील करायचा. नाहीतर गरम असतानाच पूर्ण रिकामा करून, सुकवून, ड्रममध्ये कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवायचे. अर्धवट पाणी सोडून झाकण लावणं सगळ्यांत वाईट, कारण पाण्याच्या रेषेवर लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र येतात. बाहेरच्या अंगाने बगॅसची राख असते. तिच्यातले पोटॅशचे क्षार ओल धरतात, म्हणून ती जूनच्या आत निघालीच पाहिजे. डिस्टिलरीचं सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, जाळणाऱ्या बॉयलरमध्ये तर पोटॅश आणि क्लोराइड इतकं असतं की सुपरहीटरच्या नळ्या चालतानाच खाल्ल्या जातात.

दुष्काळ या सगळ्याला वेगळंच वळण देतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते सगळ्यांना आठवतं. 2015-16 मध्ये राज्यात सुमारे 84 लाख टन साखर झाली होती. पुढच्या हंगामात ती 42 लाख टनांवर आली. मराठवाड्यातले अनेक कारखाने त्या वर्षी पेटलेच नाहीत. एका उन्हाळ्यासाठी झाकलेली यंत्रं दोन पावसाळे तशीच राहिली. उसाच्या तुटीची चर्चा भरपूर झाली. आत झिजलेल्या मिलिमीटरांची फारशी झाली नाही.

2016 सालच्याच एका अमेरिकी अभ्यासाने गंजाचा जागतिक खर्च जगाच्या सकल उत्पादनाच्या 3.4 टक्के काढला आणि आज हाती असलेल्या उपायांनीच त्यातला 15 ते 35 टक्के वाचेल, असं म्हटलं. आपल्याकडे अडचण ज्ञानाची कमी, वेळापत्रकाची जास्त आहे. धुलाईला सर्वांत मोलाचे दिवस शेवटच्या गाडीनंतरचे आठ-दहा. आणि नेमके तेव्हाच हंगामी कामगार दमून गावी निघालेले असतात. मग रस वाळतो, राख बसते आणि सप्टेंबरमध्ये रंगाचे डबे येतात तेव्हा रंग गंजावरच चढतो. हंगामी माणसांचा पगार राख निघेपर्यंत चालू ठेवावा आणि अल्ट्रासॉनिक मीटरने घेतलेली नळ्यांची जाडी, दरवर्षी त्याच जागांवरची, एका वहीत लिहावी. संचालक मंडळापुढे नवीन नळ्यांचा प्रस्ताव येईल तेव्हा आधी ती वही मागवता येईल.