स्वस्त स्मार्टफोनची परीक्षा बांधावर

चाकणच्या बाजारात कांदा विकून परतताना नवा स्मार्टफोन घेणाऱ्या शेतकऱ्याने तो दुकानाच्या सावलीत पाहून समाधान मानू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व सात-बाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. त्यासाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. फोनला उपग्रहांच्या साहाय्याने जागाही ओळखता यावी लागते. मुदतीत नोंद न झाल्यास नुकसानभरपाईच्या वेळी अडचण उभी राहते.

म्हणून फोन प्रथम उन्हात धरावा. पडद्यावरील अक्षरे दिसत नसतील, तर त्याचे इतर गुण व्यर्थ होत. नकाशा उघडून आपली जागा किती लवकर व अचूक दिसते, ते पाहावे. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांचा गाजावाजा फार होतो. पीक ओळखू येण्यास तितक्यांची गरज नसते. साठवण मात्र ६४ जी. बी. हून कमी नसावी. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील, हे अवश्य विचारावे, कारण बँकेचे व्यवहारही त्याच फोनवर होतात.

कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाचा जुना फोन घरी पडून असल्यास आधी तोच बांधावर नेऊन पाहावा. पुष्कळदा केवळ बॅटरी बदलून काम भागते.