वाळवंटातली द्राक्षं

वाईनच्या गावाला जाऊन आलो म्हटल्यावर रेक्टर सरांनी भुवया उंचावू नयेत. हा लेख पिण्याबद्दल नाही, पाण्याबद्दल आहे!

मागच्या मार्चमध्ये चिलीत मामांकडे जायचा योग आला. तिथून बसने अँडीज पर्वत ओलांडला की अर्जेंटिनाचा मेंडोसा प्रांत लागतो. देशातली सुमारे ७० टक्के वाईन एकट्या या प्रांतात बनते. दक्षिण गोलार्धात मार्च म्हणजे शरद ऋतू. तिथली द्राक्षतोडणी फेब्रुवारी ते एप्रिल चालते, त्यामुळे आम्ही ऐन हंगामात पोचलो.

पहिला धक्का म्हणजे हा भाग चक्क वाळवंट आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या साधारण एक तृतीयांश. कारण आपण शाळेत शिकलोय तेच, पर्जन्यछाया. सह्याद्रीमुळे महाबळेश्वर भिजतं आणि माणदेश कोरडा राहतो, तसंच पॅसिफिकवरून येणारं बाष्प अँडीज अडवतो आणि ते चिलीच्या बाजूलाच रिकामं होतं.

मग इथे द्राक्षं का? एक उत्तर म्हणजे उंची. मेंडोसा शहर साधारण ७५० मीटरवर आहे, तर जवळच्या ऊको खोऱ्यातले मळे ९०० ते १५०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. हवा विरळ आणि कोरडी, म्हणून दिवसा ऊन कडक आणि रात्री झपाट्याने गारवा. दिवसा पानं साखर बनवतात, रात्रीच्या थंडीत फळातलं आम्ल टिकून राहतं. उंचावर अतिनील किरण जास्त, त्यापासून बचाव म्हणून सालीत रंगद्रव्य वाढतं. तिथली माल्बेक ही प्रसिद्ध जात (मूळची फ्रान्सची, १८५३ नंतर इथे रुजलेली) म्हणूनच इतकी गडद दिसते. मी एक मणी खाऊन बघितला. साल जाड, बिया भरपूर, पण गोडी आपल्या थॉमसनपेक्षा जास्त!

तोडणी सकाळच्या गारव्यात सुरू होते, कारण गार फळ लगेच आंबत नाही. मजूर घड कापून साधारण २० किलोचा डबा भरतात आणि तो खांद्यावर टाकून ट्रकपर्यंत जवळजवळ पळतच जातात. प्रत्येक डब्यामागे एक बिल्ला मिळतो, त्याला ‘फिचा’ म्हणतात. जेवढे बिल्ले तेवढी मजुरी. बरेच जण उत्तर अर्जेंटिना आणि बोलिव्हियातून हंगामापुरते येतात. मला आपले ऊसतोडणी कामगार आठवले.

दुसरं उत्तर म्हणजे पाणी. ते येतं अँडीजवरच्या बर्फातून. उआर्पे नावाच्या मूळ रहिवाशांनी स्पॅनिश लोक यायच्या आधीच उतारावरून पाट काढले होते. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांना आजही अशा पाटांचंच पाणी मिळतं. १८८४ च्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीशी जोडला. शेतकरी पाटाचा निरीक्षक स्वतः निवडतात आणि ‘तोमेरो’ नावाचा माणूस पाळीप्रमाणे दारं उघडतो. म्हणजे आपला पाटकरीच! धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण पाट गुरुत्वाकर्षणावर चालतो. त्याच्या वरची जमीन कोरडीच राहणार. १९९० च्या दशकापासून विंधन विहिरी, पंप आणि ठिबक यांच्या जोरावर मळे डोंगर चढू लागले. ज्या उंचीचं आज एवढं कौतुक होतं, ती ठिबकनेच शक्य केली. आणि नेमका २०१० नंतर सलग बरीच वर्षं डोंगरात बर्फ कमी पडला.

ठिबक पाणी वाचवतं हे आपण परीक्षेत लिहितो, आणि ते खरंही आहे. पण वाचलेल्या पाण्यावर वरच्या बाजूला नवा मळा उभा राहिला, तर खालच्या शेतकऱ्याला काय मिळालं? पाटातून झिरपणारं पाणी जमिनीत मुरायचं, ते हिशेबात कुठे धरलं? एफिशियन्सी काढण्याआधी सिस्टीमची सीमा आखा, असं थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्याच तासाला सांगतात. शेताच्या बांधाशी सीमा आखली तर उत्तर एक येतं, अख्ख्या खोऱ्याभोवती आखली तर वेगळंच.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षांपुढेही हाच प्रश्न आहे आणि उद्या ही सीमा आखणारे इंजिनियर आपल्यातूनच जाणार आहेत. तेव्हा पेन्सिल जरा जपून चालवू या.