फलटणच्या शाळेचे मूळ

फलटणचे कमला निंबकर बालभवन सुरू झाले १९८६ साली, पण त्याचे मूळ शोधायचे तर वीस वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेतल्या मॅक्सीन बर्नसन १९६६मध्ये फलटणला राहायला आल्या. तिथल्या मराठीतले सामाजिक भेद हा त्यांच्या संशोधनाचा विषय. जात बदलली, शिक्षण बदलले की एकाच गावात बोलणे कसे बदलते, हे ज्यांनी कान देऊन टिपले, त्यांना वाचनात अडलेले मूल ‘ढ’ वाटणे शक्य नव्हते. दोष शिकवण्याच्या रीतीत आहे, असे त्यांचे निदान होते. दलित वस्तीतल्या मुलांचे वाचनवर्ग, १९८४ची प्रगत शिक्षण संस्था आणि मग शाळा, ही सगळी त्या निदानाची वाढ. क ते ज्ञ घोकून घेण्याऐवजी मोजकी अक्षरे आणि काना-वेलांट्या एका गटात घ्यायच्या आणि त्यांतून लगेच अर्थ लागेल असे शब्द वाचायचे, ही पद्धत त्यातूनच आली. शाळा काढून मग तिला तत्त्वज्ञान चिकटवण्याचा प्रकार आपल्याकडे फार. इथे क्रम उलटा होता.

ही शाळा केवळ वस्तीपुरती ठेवली असती, तर ती दयेची शाळा झाली असती. इथे सगळ्या थरांतली मुले मुद्दाम एका बाकावर आणली, अपंग मुलेसुद्धा. (ज्यांच्या नावाची ही शाळा, त्या कमला निंबकर भारतातल्या व्यवसायोपचाराच्या प्रवर्तक होत्या.) खासगी शाळांत वंचितांसाठी २५ टक्के जागांचा कायदा आला तो त्याच्या खूप नंतर, २००९मध्ये. असे प्रयोग एका व्यक्तीच्या बळावर चालतात, हा आक्षेप इथे टिकत नाही. बर्नसन यांच्यानंतर मंजिरी निंबकर यांनी शाळा सांभाळली. एका गावातल्या एका शाळेने जिल्हा परिषदेच्या हजारो शाळांचे काय भले होणार, हा प्रश्न अधिक जड आहे. फलटणचे वातावरण उचलून नेता येत नाही, हे मान्य. वाचनाची रीत मात्र नेता येते. तिला लागतो तो तयारीचा शिक्षक, महागडी साधने नव्हेत. खरी अडचण वेगळीच आहे. शाळा मराठी माध्यमाची, आणि ऐपतदार पालकांचा ओढा इंग्रजीकडे. ते निघून गेले तर माध्यम टिकेल, पण सरमिसळ उरणार नाही. आणि हा प्रश्न वाचनाच्या कोणत्याही पद्धतीने सुटणारा नाही.